चीज वर ठेवा

मुलीनं बँकेतली चांगली नोकरी सोडली, हे पायरीकाकांनी शांतपणे ऐकून घेतलं. का सोडली, कुणाला विचारून सोडली, आता पुढं काय, असे बापाला शोभणारे सगळे प्रश्न त्यांच्या जिभेवर रांगेत उभे होते. पण पहिला प्रश्न सुटायच्या आत मुलीनं ओट्यावर गोल पाव आडवा कापला, खालच्या अर्ध्या भागावर टोमॅटोची चकती ठेवली, आणि काकांची ती रांग जागच्या जागी मोडली.

"टोमॅटो खाली?" ते म्हणाले.

"हो."

"थेट पावाला लागून?"

"हो, बाबा."

"मधे काही नाही?"

मुलीनं उत्तर म्हणून टोमॅटोवर कांदा ठेवला, कांद्यावर चीज, चीजवर गरम पॅटी आणि पॅटीवर सॅलडचं पान. मग वरच्या पावाला आतून सॉस फासून तो पानावर दाबला आणि ताटली बापापुढं सरकवली. "मी बर्गरचं दुकान काढतेय," ती म्हणाली. "खा आणि सांगा."

काकांनी घास घेतला. खालचा पाव एव्हाना टोमॅटोचं पाणी पिऊन तर्र झाला होता. तो बोटांत फाटला आणि रस मनगटावरून बाहीत शिरला. चव उत्तम होती. पण चवीचं इथं कुणी विचारलं होतं? म्हणजे विचारलं होतं, पण काकांच्या मते तो प्रश्न गौण होता. रचना चुकली होती.

आता पायरीकाकांना रचनेचं एवढं काय, ते सांगायला हवं. काका लाकडी सामानाच्या कारखान्यात कामाला होते. हा कारखाना कपाटं, पलंग, टेबलं सुटी करून खोक्यात भरून विकतो आणि ती जोडायचं काम गिऱ्हाइकाच्या नशिबावर सोडतो. त्या खोक्यात स्क्रूच्या पुडीबरोबर घडी घातलेला एक कागद निघतो. 'पायरी पहिली : सर्व भाग जमिनीवर मांडून घ्या. पायरी दुसरी : मोठी फळी लहान फळीच्या डाव्या अंगाला टेकवा.' हा कागद लिहिणारा माणूस म्हणजे पायरीकाका. उभी हयात त्यांनी हेच लिहिलं. स्वतः मात्र एकही कपाट कधी जोडलं नाही. घरातलं कपाटसुद्धा त्यांनी सुतार बोलावून जोडून घेतलं, आणि सुतारानं तो कागद एकदाच हातात घेतला, तोही हात पुसायला. पण म्हणून काकांची श्रद्धा ढळली नाही. प्रत्येक गोष्टीला क्रम असतो, क्रम चुकला की शेवटी एक स्क्रू उरतो, आणि हातात उरलेल्या स्क्रूवरून माणसाची लायकी कळते, असं त्यांचं ठाम मत होतं. बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना पायरीकाका म्हणत. लोक हे आदरानं म्हणतात असा त्यांचा समज होता, आणि तो समज दूर करावा इतकं दुष्ट मन कुणाचंच नव्हतं.

"हे बघ," बाही पिळत काका म्हणाले, "खाली सॉस. सॉसवर सॅलडचं पान, म्हणजे ओल थांबते. पानावर पॅटी. पॅटी गरम असतानाच तिच्यावर चीज, म्हणजे ते वितळून बसतं. मग कांदा, आणि टोमॅटो सगळ्यात शेवटी, वरच्या पावाखाली. वरचा पाव जाड असतो, तो रस सोसतो. हे साधं शास्त्र आहे."

"टोमॅटोचा रस पावात मुरायलाच हवा, बाबा. त्यातच मजा आहे. कोरडा पाव खायचा तर बर्गर कशाला?"

"मजा?" काकांनी हा शब्द असा उच्चारला, की शेजारच्या घरात कुणाला वाटावं मुलीनं शिवी दिली.

काकू खिडकीशी बसून वाटाणे सोलत होत्या. त्यांनी ताटलीकडं एकदा पाहिलं. "अहो, उलटा करून खा की," त्या म्हणाल्या. काकांना हा टोमणा वाटला आणि त्यांनी तो सवयीनं गिळला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा टोमणे चावत बसत नाही.

खरी गोष्ट मुलीनं हात धुताना सांगितली. बिल्डिंगच्या तळमजल्यावर सोसायटीची एक बंद खोली होती. ती भाड्यानं मिळाली तर दुकान इथंच. नाही मिळाली तर दुसऱ्या शहरात तिची एक मैत्रीण तयार दुकान घेऊन बसली होती आणि भागीदारीला बोलावत होती. "म्हणजे मग मी जाईन," मुलगी म्हणाली, आणि टॉवेल खुंटीला अडकवून आत गेली.

काका बराच वेळ त्या टॉवेलकडं बघत राहिले. पोरगी गेली तर या घरात चुका कुणाच्या काढायच्या? काकूंच्या काढून काही उपयोग नव्हता. त्या ऐकून घेत आणि हवं तेच करत. मुलगी निदान भांडत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून काका सेक्रेटरींकडं गेले.

सोसायटीचे सेक्रेटरी वजन-मापं तपासण्याच्या सरकारी खात्यातून निवृत्त झाले होते. खातं सुटलं तरी खोड सुटली नव्हती. दूधवाला त्यांच्या दारात आला की आपोआप मापाच्या रेषेकडं वाकून बघत असे. त्यांनी काकांचं म्हणणं डोळे मिटून ऐकलं आणि डोळे उघडून सांगितलं, की खोली देता येणार नाही, कारण ती खोली नाही.

"खोली नाही म्हणजे?"

"दप्तरात ती सायकलींची जागा आहे. तिथं सायकल आहे तोवर ती सायकलींचीच जागा राहणार. पहिल्यांदा सायकल हलवा."

खोलीत खरोखर एक सायकल होती. चेन गेलेली, सीट उंदरांनी पसंत केलेली आणि इतकी वर्षं बेवारस, की वॉचमन तिच्यावर फडकी वाळत घालायचा. "हलवतो," काका म्हणाले. पण सेक्रेटरींनी बोट वर केलं. दुसऱ्याची वस्तू अशी हलवता येते का? मालक शोधायला हवा. सूचना लागायला हवी. सूचना म्हटल्यावर काकांचं भान हरपलं. त्यांनी स्वतःच्या हातानं सुंदर अक्षरात ती लिहून जिन्यात डकवली. जिला कुत्रं विचारत नव्हतं, त्या सायकलीला संध्याकाळपर्यंत चार मालक मिळाले. त्यातल्या एकाला सायकल चालवताच येत नव्हती. पण ती आपल्या वडिलांनी प्रेमानं ठेवलेली आठवण आहे असं सांगताना त्याचे डोळे भरून आले होते. चौघंही एकमेकांशी बोलेनासे झाले. शेवटी सेक्रेटरींनी निवाडा केला, की वाद मिटेपर्यंत सायकल त्रयस्थ माणसाच्या ताब्यात राहावी, आणि या प्रकरणात ज्याला सायकल नकोच आहे असा माणूस एकच दिसतो. अशा रीतीनं ती सायकल पायरीकाकांच्या बैठकीच्या खोलीत येऊन सोफ्याला टेकून उभी राहिली. काकूंनी काहीही न बोलता तिच्या हँडलला किराणाची पिशवी अडकवली.

खोली मोकळी झाली. आता कमिटीनं चव घेऊन ठराव करायचा, असं ठरलं. खोलीच्या भाड्याचा आणि चवीचा संबंध काय, हे काकांनी विचारलं नाही, कारण काकांना त्यात संधी दिसली. कमिटीसमोर बर्गर जायचा, तर तो रीतसर जोडलेला नको का? त्यांनी जाता-येता भेटेल त्याला विचारायला सुरुवात केली, की टोमॅटो वर असावा की खाली. आपल्याकडं माणसाला रस्ता विचारला तर तो एखादवेळी माहीत नाही म्हणेल. पण सल्ला विचारला तर सोडत नाही.

पहिल्या मजल्यावरचे दातवाले डॉक्टर कमिटीवर होते. ते म्हणाले, "वर-खालीचं सोडा, उंचीचं बोला. माणसाचा जबडा तीन बोटं उघडतो." त्यांनी तीन बोटं उभी करून काकांच्या तोंडात घालून दाखवली. "याच्या वर बर्गर गेला, की माझा धंदा सुरू होतो. तसा माझा विरोध नाही." काकांच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, आणि म्हणून आख्ख्या बिल्डिंगला 'वरच्या मावशी' म्हणून ठाऊक असलेल्या बाईही कमिटीवर होत्या. त्यांना चीज वितळलेलं चालत नव्हतं, न वितळलेलं आवडत नव्हतं आणि कांद्याशिवाय घास उतरत नव्हता. "कांदा मात्र भरपूर घाल म्हणावं पोरीला. चार चकत्या तरी. आणि मी सांगितलं म्हणून नको सांगू." वॉचमनला कुणी विचारलं नव्हतं. तरी त्यानं सांगितलं, की तो पहिल्यांदा नुसता पाव खाईल, मग पॅटी खाईल आणि बाकीचं बायकोसाठी घरी नेईल. काकांनी हे सगळं मुलीला सांगितलं. मुलगी म्हणाली, "बाबा, कमिटी मला सांभाळू द्या. तुम्ही फक्त मधे मधे करू नका."

मधे मधे! ज्या माणसाच्या शब्दावर हजारो घरांतली कपाटं उभी आहेत (किंवा जिथं असायला हवीत तिथं भिंतीला टेकली आहेत), त्याला पोटची पोर म्हणते मधे मधे करू नका. काका दोन वेळचं जेवण मुकाट्यानं जेवले. रागानं जेवण सोडायचा त्यांचा स्वभाव नव्हता, आणि काकूंना आग्रह करायचा.

इकडं मुलीची वेगळीच वरात चालू होती. खाद्यपदार्थ विकायचे तर आरोग्य खात्याचा दाखला हवा. तिथं गरम पदार्थांची खिडकी वेगळी आणि थंड पदार्थांची वेगळी. गरम खिडकीतल्या साहेबांनी विचारलं, टोमॅटो कच्चा आहे का? कच्चा म्हणजे थंड, त्या खिडकीवर जा. थंड खिडकीतल्या बाईंनी विचारलं, पॅटी तव्यावरची का? मग गरमच्या खिडकीवर जा. मुलगी या दोन खिडक्यांमधे इतक्या वेळा फिरली, की शिपाई तिला बाकावर बसा म्हणायला लागला. शेवटी बाईंनी आपुलकीनं सल्ला दिला. "बाळ, टोमॅटोसुद्धा भाजून घाल, म्हणजे एका खिडकीत काम होईल." म्हणजे टोमॅटोवर मत नाही असा माणूस सरकारातही उरला नव्हता. मोठ्या साहेबांनी तिला सही देतो म्हणून नेमकं चव घेण्याच्या दिवशी बोलावलं, तेही कमिटी जमायच्या थोडंसं आधी.

"मी येतेच," जाताना मुलगी आईला म्हणाली. "तयारी सगळी खोलीत ठेवलीय. पॅटी झाकून ठेवल्यात. मी आल्याशिवाय कुणी काही करायचं नाही." हे वाक्य ती बोलली आईशी, पण बघत होती बापाकडं.

कमिटी जमायची वेळ झाली. मुलगी आली नाही. सेक्रेटरी खोलीसमोरच्या मोकळ्या जागेत खुर्ची टाकून घड्याळ बघत होते. वेळेवर न देणारा माणूस मापातही मारतो, असं ते डॉक्टरांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले. काका उठून उभे राहिले. या क्षणी कमिटी उठली तर पोरगी चालली. आणि याच क्षणी, अगदी खरं सांगायचं तर, त्यांना दुसरंही काही वाटलं. ते असं, की देवानं इतक्या उशिरा का होईना, क्रम लावायची संधी दिली.

त्यांनी काकूंना आणि वॉचमनला खोलीत घेतलं. स्वतः मधोमध खुर्ची मांडून बसले, कारण सूचना देणारा माणूस वस्तूला हात लावत नाही. मांडीवर हात ठेवले, घसा साफ केला आणि आयुष्यात प्रथमच आपलं लिखाण तोंडी सुरू केलं.

"पायरी पहिली. पानं घ्या."

काकूंनी इतकी वर्षं संसार केला होता. नवऱ्यानं पानं घ्या म्हटलं, की बाईनं काय करायचं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी ताटल्या काढल्या, पुसल्या, कमिटीच्या माणसांपुढं एकेक मांडली आणि पाण्याचे पेले भरायला घेतले. सॅलडची पानं पिशवीतच राहिली.

काकांचं तिकडं लक्ष नव्हतं. सूचना लिहिणाऱ्याला कपाट कधी दिसत नाही, तशी त्यांची नजर समोरच्या भिंतीवर लागली होती. "आता सॉस. चांगला घ्या, कंजुषी नको. पॅटी ठेवा. ठेवली? आता पॅटी गरम आहे तोवर चीज. चीज वर ठेवा."

वॉचमन उंच होता. त्यानं चिजाचा डबा उचलला, झाकण घट्ट लावलं आणि खोलीच्या माळ्यावर, उंदराचा हात पोचणार नाही असा मागं सरकवून ठेवला. वर ठेवा म्हणजे वर ठेवा. साहेब लोक महाग वस्तू वरच ठेवायला सांगतात.

"कांदा. कांदा वर द्या."

आता वरच्या मावशींना कांदा लागतो, हे बिल्डिंगमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं? वॉचमन कांद्याच्या चकत्यांचं ताट घेऊन जिना चढला. मावशी खाली कमिटीत बसल्या होत्या, त्यामुळं त्यांच्या सुनेनं दार उघडलं. तिनं कांदा कशाला विचारलं नाही. फुकट आणि चिरलेला कांदा दारात आला तर कोणती सून विचारील?

तो परत येऊन पॅटीवर टोमॅटो ठेवतो तोवर काका शेवटच्या पायरीवर पोचले होते. "टोमॅटो झाला? वरच्या पावाला आतून सॉसचा हात मारा. मारला? हं, आता लावून घ्या."

वॉचमननं मागं वळून दार लावून घेतलं.

त्या दाराची कडी गंजलेली होती. आतून लागली की बाहेरूनच ढकलून उघडायची, हे वॉचमनला माहीत होतं. पण आत्ता तो आत होता. त्यानं कडी ओढली, मग काकांनी ओढली, मग दोघांनी मिळून ओढली. बाहेर कमिटी रिकाम्या ताटल्या पुढं घेऊन बसली होती. दारामागून काकांचा आवाज येत होता, "डावीकडं. नाही, तुझ्या डावीकडं." वरच्या मावशी डॉक्टरांना म्हणाल्या, "हे बर्गर फार अवघड असतात वाटतं करायला."

तेवढ्यात मुलगी आली. हातात दाखला होता, शिक्का गरम खिडकीचा होता. दुरूनच तिनं मांडलेली पानं पाहिली, लावलेलं दार पाहिलं आणि बापाचा आवाज ऐकला. काय झालं असेल ते तिला कुणी सांगावं लागलं नाही. तिनं खांद्यानं दार ढकललं. ते काकांना लागलं. काका मागं सरकले आणि टेबलावरचा त्यांच्या पद्धतीचा पहिला बर्गर, ज्याच्यात पान नव्हतं, चीज नव्हतं, कांदा नव्हता आणि सॉस मात्र मुबलक होता, तो त्यांच्या सदऱ्यावर बसला.

मुलगी रागावून बोलली असती तर काकांना बरं वाटलं असतं. तिनं स्टूल घेऊन माळ्यावरून चीज उतरवलं, पिशवीतून पानं काढली, नवा कांदा चिरला, तवा तापवला आणि टोमॅटो खाली ठेवून भराभर बर्गर केले. तीन बोटं उंच, डॉक्टरांसमोर मोजून.

कमिटीनं खाल्ले. बोलत बोलत सुरुवात झाली आणि मग बोलणं थांबलं. वरच्या मावशींनी चीज वितळलंय की नाही हे बघितलंसुद्धा नाही. डॉक्टरांनी बोटं चाटली आणि आपण डॉक्टर आहोत हे आठवून रुमाल काढला. सेक्रेटरींनी तिघांत शेवटी संपवला, ताटली डोळ्यांसमोर धरून काही उरलं नाही याची खात्री केली, आणि मग कमिटीच्या वतीनं घसा खाकरला.

"पदार्थ मापात आहे," ते म्हणाले. "पण सोसायटीची जागा आहे. मुलगी लहान आहे, अनुभव नाही. तुम्ही," ते काकांकडं वळले, "जोडणीच्या क्षेत्रातले जुने जाणकार. तुमच्या मुलीनं टोमॅटो खाली घातला, तेव्हा तुम्ही मान हलवलीत ती मी पाहिली. तेव्हा माझी सूचना अशी, की खोली द्यावी, पण बर्गर पायरीकाकांच्या देखरेखीखाली आणि त्यांच्याच पद्धतीनं जोडले जावेत. तसा ठरावात उल्लेख करू. अनुमोदन काकांनीच द्यावं, म्हणजे शोभेल."

पायरीकाकांनी इतकी वर्षं नोकरी केली, पण कारखान्यात त्यांचा कागद कुणी वाचला की नाही हे त्यांना कधी कळलं नव्हतं. आणि इथं तीन शहाणी माणसं त्यांचा क्रम ठरावात घालत होती. ठरावातली ती ओळ त्यांच्या डोळ्यांसमोर आलीसुद्धा. सदऱ्यावरून सॉस ओघळत होता, तरी मान ताठ झाली.

मुलीनं शेगडी बंद केली. हात पुसले. "मग खोली नको, काका," ती सेक्रेटरींना शांतपणे म्हणाली. "त्रास दिला. मी मैत्रिणीला फोन करते, उद्या निघते." तिनं बापाकडं पाहिलं नाही. सुरीवरचा टोमॅटो पुसला आणि सामान आवरायला घेतलं.

काकूंनी मात्र पाहिलं. हातात पाण्याचा तांब्या घेऊन त्या दाराशी उभ्या होत्या आणि नवऱ्याकडं बघत होत्या. ही नजर काकांच्या ओळखीची होती. घरी सुतार बोलावला त्या दिवशीची.

पायरीकाका उठले. आयुष्यभर ते एक पायरी सोडून दुसरीवर गेले नव्हते. आज त्यांनी पायरी सोडली.

"अनुमोदन नाही," ते म्हणाले.

"कशाला नाही?" सेक्रेटरींनी विचारलं.

"तुमच्या ठरावाला. माझ्या पद्धतीला." काकांनी सदऱ्यावरची टोमॅटोची चकती दोन बोटांत धरून सर्वांना दाखवली. "साहेब, माझ्या पद्धतीनं केलेला बर्गर या घडीला थोडा वरच्या मजल्यावर मावशींच्या घरी आहे आणि उरलेला माझ्या अंगावर आहे. चीज माळ्यावर होतं, पानं पिशवीत होती, ती पोरीनं काढली. तिच्या पद्धतीचा तुम्हा तिघांच्या पोटात आहे. ज्याची जोडणी जागेवर पोचली, ती बरोबर. खोली तिला द्या. तिच्या अटीवर द्या."

"माझ्या घरी काय आहे?" वरच्या मावशींनी विचारलं. पण तिकडं लक्ष द्यायला कुणाला वेळ नव्हता. डॉक्टरांनी हात वर केला. मावशींनी काय चाललंय ते न कळता पण घरी काहीतरी आलंय एवढं कळून हात वर केला. सेक्रेटरींनी मोजले, दोनाचे दोनच भरतात हे पुन्हा मोजून पाहिलं आणि स्वतःचाही केला. एकमतानं झालं असं लिहायला त्यांना आवडत असे.

मुलगी सामान आवरायचं थांबली, आणि टोमॅटो धुवायला म्हणून नळाशी गेली ती बराच वेळ पाठमोरी उभी राहिली. टोमॅटो धुतलेलेच होते.

दुकान सुरू झालं, चाललंही. बिल्डिंगमध्ये त्याचा एवढाच परिणाम झाला, की गिऱ्हाइकाला एखादी गोष्ट नको असली की ते आता 'वर ठेव' म्हणतं. कांदा नको असेल तर कांदा वर ठेव, सॉस नको असेल तर सॉस वर ठेव. ही आपल्या नावावर जमा झालेली भाषा आहे हे काकांना माहीत आहे, आणि त्यांनी ती गिळली आहे. सायकल अजून बैठकीच्या खोलीत उभी आहे. चार मालकांचा वाद मिटलेला नाही.

काका बरेच दिवस दुकानात गेले नाहीत. काम असतं, म्हणायचे. शेवटी एका संध्याकाळी काकूंनी चप्पल पुढं ठेवली आणि दोघं खाली उतरली. गर्दी होती. काका रांगेत उभे राहिले, मधे घुसले नाहीत, कुणाला सल्लाही दिला नाही. तो आवरताना मात्र एकदा खोकले. पाळी आली तेव्हा मुलीनं मान वर केली.

"कसा देऊ, बाबा?"

मागं रांग ताटकळत होती. पान कुठं, टोमॅटो कुठं, सगळं काकांच्या ओठांवर आलं होतं, पायरी पहिलीपासून. "इतरांना देतेस तसा," ते म्हणाले.

ताटली घेऊन ते कोपऱ्यातल्या बाकावर बसले. खाली टोमॅटो, मग कांदा, मग चीज, मग पॅटी, मग पान आणि वर सॉस. खालचा पाव एव्हाना ओला व्हायला लागला होता. काका त्याच्याकडं बघत बसले.

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," काकू शेजारून म्हणाल्या. "उलटा करा."

"टोमणे पुरे."

"टोमणा कसला? करून तर बघा."

काकांनी बर्गर दोन्ही हातांत धरून उलटा केला. आणि बघतच राहिले. खाली सॉस. सॉसवर पान. पानावर पॅटी, पॅटीवर चीज, मग कांदा, आणि टोमॅटो शेवटी, वरच्या पावाखाली. त्यांचा क्रम, जसाच्या तसा, एकही पायरी न चुकलेला. सायकल, चार मालक, दोन खिडक्या, माळा, सदरा, आणि पोरगी जायची आलेली वेळ, हे सगळं जिच्यापायी झालं ती गोष्ट एवढीच होती. त्यांनी काकूंकडं पाहिलं. काकू आपल्या बर्गरमधला कांदा बाजूला काढत होत्या.

काउंटरच्या पलीकडून मुलगी बघत होती. बाबांनी काय केलं ते तिला दिसलं होतं. तिनं पुढच्या गिऱ्हाइकाला थांबा म्हणून हात केला.

पायरीकाकांनी बर्गर पुन्हा सुलटा केला. टोमॅटो खाली गेला. त्यांनी बाही दुमडली आणि मोठा घास घेतला. पाव फाटला, रस मनगटावरून कोपरापर्यंत गेला. काका तसेच खात राहिले.

"कसा झालाय?" मुलीनं तिथूनच विचारलं.

"बरोबर झालाय," पायरीकाका म्हणाले.